सेवार्थीचे ‘बरे’ आणि आमचे मोजमाप

समाजकार्याच्या वर्गात मी ‘सेवार्थीच्या स्वास्थ्याचे मूल्यमापन’ शिकवतो. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ मधली पाच विधानांची श्रेणी वापरतो. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत होते का, अंगात उत्साह होता का, झोपेतून ताजेतवाने उठलात का, रोजच्या जगण्यात रस वाटला का. प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरजेला चारने गुणले की शंभरपैकी आकडा हाती येतो. पन्नास किंवा त्याखाली आला तर अधिक चौकशी.

गेल्या सत्रात एका विद्यार्थिनीने सफाई कामगार बाईचा तक्ता आणला. गुण ८८. बाई कंत्राटावर, हातमोजे नाहीत, नवरा गटारात उतरून उतरून अंथरुणाला खिळलेला. निष्कर्ष : ‘हस्तक्षेपाची गरज नाही.’ मी चांगले गुण दिले. घरी आल्यावर आई आठवली.

माझी आई मुकादमाला, डॉक्टरला, वसतिगृहाच्या रेक्टरला एकच उत्तर द्यायची : ‘बरं हाय, सायेब.’ हातात कागद घेतलेल्या माणसासमोर बरे नाही म्हणणे तिला परवडत नव्हते. आमची विद्यार्थिनीही त्या बाईला साहेबच वाटली असणार.

पण सगळेच भयापोटी नसते. काहींना खरोखर बरे वाटते. दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस आपल्या इच्छाच परिस्थितीच्या मापाने कापून घेतो, हे अमर्त्य सेन यांनी मांडले आहे. आपल्याला ते कळायला अर्थशास्त्रज्ञ लागायला नको होता. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी बायकांना अस्पृश्यतेची ओळख सांगणारा पेहराव टाकायला सांगितले. त्याआधी आणि त्यानंतर ही श्रेणी वस्तीत फिरवली असती तर? डोळे उघडलेल्या माणसाची झोप उडते. आकडा कदाचित खाली आला असता, आणि आमच्या हिशेबाने चळवळीने सेवार्थीचे नुकसानच केले असते!

दोष श्रेणीचा नाही. ती मनःस्थितीपुरतीच बोलते, नैराश्य हुडकायला उपयोगीही पडते. तिला आयुष्याचे माप समजून शिकवणारे आम्ही. (‘सेवार्थी’ हा शब्दही पाहा : सेवा मागणारा. हक्क मागणाऱ्यासाठी आमच्या परिभाषेत शब्द कोणता?)

आता तक्त्याच्या पाठीमागे मजुरी, पाणी, घर, आणि उत्तर कोणासमोर दिले, हेही लिहायला लावतो. सुरक्षासाधनांविना माणूस गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. त्या नवऱ्याला कोणी उतरवले, हा प्रश्न मूल्यमापनाबाहेरचा कसा? विद्यार्थिनीचे गुण मी बदललेले नाहीत. चूक शिकवणाऱ्याची होती. तिला पुन्हा वस्तीत पाठवले आहे.