अलंकारांचें बारसें

इंग्रजी वाङ्मयाच्या उत्तरपत्रिका तपासतांना एक वाक्य माझ्या डोळ्यांखालून इतक्या वेळां गेलें आहे कीं, आतां तें वाचावेंहि लागत नाहीं. 'या ओळींत रूपक आहे.' पुढें पूर्णविराम! रूपक तेथें असतें, हें खरें. त्याबद्दल गुणहि द्यावे लागतात. पण तें तेथें कशाकरितां आलें, काढून टाकलें असतें तर कवितेचें काय हरवलें असतें, याविषयीं विद्यार्थी मौन धरतो. नांव सांगितलें कीं काम संपलें, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

ही समजूत त्याला आम्ही शिक्षकांनींच करून दिली आहे. इंग्रजींतील अलंकारांचीं नांवें बहुतेक ग्रीक. खुद्द इंग्रज मुलालाहि तीं परकींच. ही अडचण तेथील एका गृहस्थाला चारशें वर्षांपूर्वींच जाणवली होती. इ. स. १५८९ मध्यें लंडन येथें 'दि आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी' हा ग्रंथ निनांवी प्रसिद्ध झाला. जॉर्ज पटनम हा त्याचा कर्ता, असें आज सामान्यतः मानतात. त्याच्या डोळ्यांपुढें होते ते पंडित नव्हेत, तर राणी एलिझाबेथच्या दरबारांतील स्त्रीपुरुष. ग्रीक नांवें त्यांच्या कानांना खडबडीत लागतील म्हणून त्यानें अलंकारांचें नव्यानें बारसें केलें. 'आयरनी' झाली 'कोरडी थट्टा'. 'हायपरबोली', म्हणजे आपली अतिशयोक्ति, हिला त्यानें 'मर्यादा ओलांडणारा' म्हटलें, आणि तेवढ्यानें समाधान न होऊन 'मोठ्यानें खोटें बोलणारा' असें दुसरेंहि नांव ठेविलें!

या नांवांत मौजेपेक्षां अधिक कांहीं आहे. तीं ऐकतांच अलंकार हा कोणीतरी माणूस असून दरबारांत वावरत आहे, असें वाटूं लागतें. तो ऐकणाऱ्याला फसवतो, हंसवतो, टोचतो. अलंकार कसा ओळखावा एवढेंच न सांगतां तो काय करतो, हें नांवच सांगून जातें. आमच्या टिपणवह्यांत नेमकी हीच गोष्ट नसते.

तरीहि पटनमचीं नांवें टिकलीं नाहींत, आणि मला त्याचें फारसें दुःख होत नाहीं. इ. स. १८३३ मध्यें कॉनप थर्लवॉल यानें सॉफोक्लीजच्या नाटकांतील 'आयरनी'वर एक निबंध लिहिला. ईडिपस राजा आपल्या पूर्वीच्या राजाच्या मारेकऱ्याला शाप देतो. तो शाप त्याच्याच मस्तकावर पडणार, हें प्रेक्षकांना ठाऊक असतें, त्याला मात्र नसतें. येथें 'कोरडी थट्टा' हें नांव कसें चालावें? थट्टा करणारा रंगभूमीवर कोणीच नाहीं. अर्थ वाढला तो परक्या, काहीशा अस्पष्ट शब्दाला सोसला. पटनमच्या चटकदार नांवाला सोसला नसता. आपल्याकडेहि उपरोध, व्याजस्तुति, वक्रोक्ति हे सारे शब्द मीं या जागीं लावून पाहिले आहेत. प्रत्येक जण एकेक कोपरा झांकतो आणि ईडिपस उघडा राहतो. अखेर वर्गांत मी मुकाट्यानें 'आयरनी'च म्हणतों.

उलट प्रकार रस्किनच्या 'पॅथेटिक फॅलसी'चा. इ. स. १८५६ मध्यें त्यानें हा शब्द घडविला तो दोष दाखविण्यासाठीं: भावनेच्या भरांत कवीला समुद्राचा फेंस क्रूर दिसूं लागतो, तेव्हां त्याची दृष्टि खोटी झालेली असते. आज विद्यार्थी तोच शब्द कौतुकानें वापरतात, आणि आम्ही 'चेतनगुणोक्ति' म्हणून मोकळे होतों. रस्किनची तक्रार कोठेंच उरत नाहीं.

गेल्या वर्षीं मीं एक प्रयोग केला. पहिल्या सहामाहींत वर्गांत एकहि पारिभाषिक नांव उच्चारावयाचें नाहीं. ओळ काय करते, एवढेंच सांगावयाचें. मुलें प्रथम चिडलीं. पुढें ईडिपसच्या शापाशीं आलों, तेव्हां मागल्या बांकावरचा, एरवीं अबोल असणारा एक मुलगा म्हणाला, "सर, त्याला थांबवावेंसें वाटतें, आणि थांबवतां येत नाहीं." थर्लवॉलचें नांव मीं त्याला दिवाळीनंतर सांगितलें.