‘व्यक्ती’ या शब्दाची अडचण

मराठी धर्मशिक्षणात ख्रिस्ती त्रैक्य ‘एक देव, तीन व्यक्ती’ असं सांगतात. आमची हरकत सिद्धान्ताला नाही, लॅटिन ‘पर्सोना’साठी घेतलेल्या या ‘व्यक्ती’ शब्दाला आहे. आता बघा, डहाणू-तलासरीतला वारली माणूस वाघदेव, हिरवा, हिमाय यांना मानत आलेला. तीन व्यक्ती म्हणजे तीन माणसं, म्हणजेच तीन देव, असं त्याला वाटलं तर चूक त्याची नव्हे. संस्कृत जाणणारा दुसरीकडे घसरतो. त्याच्या लेखी व्यक्ती म्हणजे प्रकट होणं. एकाच देवाची तीन रूपं! हे तर साबेलियसचं मत, चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारलेलं. त्रिमूर्तीचा दाखला देऊच नये. तिथे कामांची वाटणी आहे. ब्रह्मबांधव उपाध्यायांनी १८९८ मध्ये ‘सच्चिदानंद’ पुढे केला. सुंदर आहे, पण सत्, चित्, आनंद एकमेकांशी बोलत नाहीत. मेख तिथेच आहे. पुत्र आहे म्हणून पिता ‘पिता’ आहे. ही नावं नात्याची आहेत. ऑगस्टीनसुद्धा ‘तीन व्यक्ती’ म्हणतो ते गप्प बसावं लागू नये म्हणून. मग पाड्यावर सुरुवात बाप-लेकापासून का करू नये? पवित्र आत्म्याशी मात्र नात्याचं असं सोपं नाव सापडत नाही, तिथे सावकाश जावं.