मिरॅकल क्युअर, प्रश्नचिन्हासकट

बीबीसीची ही दोन भागांची डॉक्युमेंटरी २०१९ची: 'द पार्किन्सन्स ड्रग ट्रायल: अ मिरॅकल क्युअर?' ती पुन्हा बघायला निमित्त मावशीचं. तिने फॅमिली ग्रुपवर त्यातली क्लिप टाकली आणि खाली लिहिलं, "तुमच्याकडे मिळतं का गं हे? काकांसाठी विचारून बघ."

गोष्ट ब्रिस्टलची. जीडीएनएफ हे प्रथिन डोपामाइन बनवणाऱ्या पेशींना तगवतं, पण रक्तातून ते मेंदूत पोचत नाही. म्हणून रोबोटच्या मदतीने मेंदूत चार नळ्या बसवायच्या, कानामागे एक पोर्ट, आणि दर चार आठवड्यांनी तिथून औषध सोडायचं. मुख्य टप्प्यात ३५ जण. निम्म्यांना औषध, निम्म्यांना प्लासिबो. शस्त्रक्रिया मात्र सगळ्यांची! आपल्याला नक्की काय मिळतंय हे माहीत नसताना ही माणसं डोक्याला भोकं पाडून घ्यायला तयार झाली. फिल्म त्यांना 'बिच्चारे' करत नाही, त्यांच्याजवळ नुसती बसते. हे भाग मी पुन्हापुन्हा बघेन.

अडचण वेगळीच आहे. कॅमेऱ्याला एकेक माणूस दिसतो, चाचणीला गट बघावा लागतो. ४० आठवड्यांनी, नेहमीच्या गोळीचा असर नसताना, हालचालींचे गुण औषधाच्या गटात सरासरी १७.३ टक्के सुधारले. प्लासिबोच्या गटात ११.८. एवढ्या फरकावर औषध चाललं असं म्हणता येत नाही. चाचणी मुख्य निकषावर नापास. पण स्कॅनमध्ये सुधारणा दिसली, आणि ती फक्त औषधवाल्यांच्यात: पुटामेन या भागात २५ ते १०० टक्के. म्हणजे मेंदूत काहीतरी घडलं, पण ते चालण्या-वळण्यात का उतरलं नाही? मला इथे अजून अर्धा तास हवा होता. पुढचे नऊ महिने सगळ्यांनाच औषध दिलं, सगळे सुधारले, पण आता तुलनेला कुणी उरलंच नव्हतं.

निकाल फिल्म लपवत नाही. पण तोवर आपला जीव त्या माणसांत इतका अडकलेला असतो की आकडेच खोटे वाटायला लागतात. ही आशा पहिल्यांदा पडली असंही नाही. २००३मध्ये ब्रिस्टलमध्येच पाच रुग्णांवर झालेल्या, प्लासिबो नसलेल्या चाचणीत छान निकाल आले होते. मग अ‍ॅमजेन कंपनीने प्लासिबो ठेवून ३४ जणांवर करून पाहिलं, फायदा दिसला नाही. २००४मध्ये त्यांनी औषध बंद केलं तेव्हा काही रुग्ण थेट कोर्टात गेले. हे डोक्यात ठेवून फिल्म बघा, शीर्षकातलं प्रश्नचिन्ह जरा मोठं दिसेल.

मावशीला मी 'नाही मिळत' एवढंच लिहिणार होते. शेवटी फोन केला, ११.८ म्हणजे काय ते सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ते खोटं औषध तरी देतात का कुठे?"