भारतमातेचे चार हात

राष्ट्रास मातेचे रूप देणाऱ्या प्रतिमांमध्ये अवनींद्रनाथ टागोर यांचे १९०५ मधील ‘भारतमाता’ हे चित्र महत्त्वाचे होय. वंगभंगाच्या चळवळीच्या काळातील या चित्रात भगवी वस्त्रे ल्यालेली एक साध्वी उभी आहे. तिच्या चार हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र आणि जपमाळ आहे. विद्या, अन्न, वस्त्र व दीक्षा यांची ही चिन्हे. हाती शस्त्र नाही, जवळ सिंह नाही, मागे नकाशा नाही.

भगिनी निवेदिता यांनी या चित्राचा गौरव केला होता. त्यातील संयम आम्हांसही भावतो. परंतु त्याची चिकित्सा करताना एक प्रश्न टाळता येत नाही. चारही हात देणारे आहेत; घेणारा मात्र चित्रात कोठेच नाही. ज्यांना पोथीस स्पर्श करण्याचीही मनाई होती, ते या मातेचे पुत्र होते काय? चित्र याविषयी मौन पाळते. पुढील काळातील छापील चित्रांत नकाशा, सिंह व ध्वज आले आणि देणारे हात मागे पडले. माता मागणारी झाली.

हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, असा सवाल डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केला. राजकारणातील भक्ती अधोगतीकडे नेते, असेही त्यांनी त्याच भाषणात बजावले. या कसोटीवर आमचे मत असे की, त्या हातांतील विद्या, अन्न व वस्त्र सर्वांस समान लाभतील, तेव्हाच ही प्रतिमा सार्थ ठरेल.