वेदना आमची, दुखणे कोणाचे?

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या कवितेत, कथेत आणि संमेलनांच्या भाषणांत एक शब्द सतत येत राहिला, तो म्हणजे ‘वेदना’. दंगलीची वेदना, फाळणीचे ओझे उगाच माथी मारल्याची वेदना, संशयाच्या नजरेची वेदना. हा शब्द दलित साहित्याने वेदना, नकार आणि विद्रोह अशा सूत्रात घडविला आणि आम्ही तो त्यांच्याकडून घेतला. त्यात कमीपणा काही नाही. ज्या समाजाला बोलूच दिले जात नव्हते, त्याला या शब्दाने वाचा दिली. तरीही एक प्रश्न विचारावासा वाटतो. आपल्या साहित्यात वेदना एवढी उदंड असताना, त्यात कुणाची कंबर का दुखत नाही?

प्रश्न थट्टेचा नाही. तो आम्हांला सुचला इस्लामपुरात. २०२५ मध्ये शासनाने ज्याचे नाव ईश्वरपूर केले, त्या वाळवा तालुक्याच्या गावात. आमच्या ओळखीच्या एक खाला तिथे राहतात. गेली नऊ वर्षे त्यांचे अंग दुखते. आधी मान, मग खांदे, मग कंबर, मग सगळेच. रात्री झोप नाही, सकाळी बोटे मिटत नाहीत. रक्त तपासले, एक्स-रे काढले, कर्ज काढून एमआरआय केला. प्रत्येक वेळी उत्तर एकच, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’. एका डॉक्टरांनी कॅल्शियम दिले, दुसऱ्यांनी इंजेक्शने टोचली, तिसऱ्यांनी मुलाला बाजूला घेऊन ‘आईला घरात काही टेन्शन आहे का’ असे विचारले. आष्टा, सांगली, मिरज अशा एस.टी.च्या खेपा झाल्या. मिरजेत ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात मन्नत झाली. रिपोर्टची पिशवी तेवढी जड होत गेली.

या पिशवीत अनेक कागद आहेत, पण खालांचे स्वतःचे एकही वाक्य नाही. प्रत्येक केसपेपरवर त्यांच्या तक्रारीच्या जागी दोनच इंग्रजी शब्द आहेत, ‘बॉडी एक’. खाला घरात दखनी बोलतात. ‘बदन टूटता’, ‘हाडां ठनकत्यां’ असे त्या लेकीला सांगतात. दवाखान्यात त्याचे मराठी करतात, ‘अंग दुखतंय’. डॉक्टर त्याचे इंग्रजी करतात. दोन भाषांतरांत ठणका गेला, रात्र गेली, उरले ते ‘अंग’. एका भाषेतून दुसरीत जाताना काय गळते, हा साहित्याच्या अभ्यासकांचा आवडता विषय. पण इथे गळतो तो माणसाचा पुरावा. ज्या दुखण्याचा फोटो निघत नाही, त्याचा शब्द हाच एकमेव पुरावा असतो.

आपल्या भाषा यात दरिद्री आहेत असेही नाही. मराठीत कळ येते, चमक मारते, उसण भरते, रग लागते, पेटका येतो, ठसठसते, भगभगते, मुंग्या येतात, तिडीक उठते, अंग मोडून येते. यांतला प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो. अकराव्या शतकात इब्न सीनांनी ‘अल-कानून’मध्ये दुखण्याचे पंधरा प्रकार नोंदविले: टोचणारे, दाबणारे, ताणणारे, फाडणारे, ठणकणारे, जड असे. रुग्णाच्या शब्दात निदानाची किल्ली असते, हे या हकिमांना ठाऊक होते. १९७५ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी दुखण्याच्या ७८ शब्दांची प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती याच जातीची. ज्या इब्न सीनांचा अभिमान आपण भाषणांत मिरवतो, त्यांचे हे साधे काम आपल्या लेखणीने पुढे नेले नाही.

याचे कारण आपल्या वाङ्मयीन सवयीत आहे, असे आम्हांला वाटते. याच वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घ्या. प्रेताच्या जबड्यात भीमाची बोटे अडकतात आणि शेवटी ती कापावी लागतात. ती कळ वाचकाच्या हाडात शिरते, कारण तुटलेली बोटे दिसतात आणि त्यांच्यामागची भूकही दिसते. फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मधली बाळंतपणे अशीच अंगावर येतात. या लेखकांचे मोठेपण वादातीत आहे. मात्र त्यांच्यापासून आपण अर्धाच धडा घेतला. दुखण्याला गुन्हेगार हवा, जखम हवी, साक्षीदार हवा, तरच ते लिहिण्याजोगे, एवढेच आपण शिकलो. शरीर बारकाईने पाहण्याचा त्यांचा गुण मात्र आपण मागे ठेवला. मलिका अमर शेख यांनी १९८४ च्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’मध्ये स्वतःच्या शरीराबद्दल आडपडदा न ठेवता लिहिले. त्या वाटेने आपल्यातले फार थोडे गेले. आपली ‘वेदना’ समाजाची झाली, सभेची झाली. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ मध्ये आजारपणावरील निबंधात तक्रार केली होती की, साहित्याने प्रेमाला आणि युद्धाला शब्द पुरविले, पण साध्या डोकेदुखीला नाहीत. ती तक्रार आपल्यालाही लागू पडते.

कुणी म्हणेल, कथेत कंबर दुखली नाही म्हणून काय बिघडले? काय बिघडते ते बीडने दाखविले. वाळव्याच्या शिवारात दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांतल्या बायका पोटदुखी, कंबरदुखी, अंगावरून जाणे अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात जात. हे दुखणे कशाचे, ते नीट ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती. खाडा झाला की दंड होता, उचल डोक्यावर होती. कॅन्सरची भीती घालून गर्भाशयच काढण्याचा सल्ला अनेकींना मिळाला. २०१९ मध्ये प्रकरण गाजले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. शस्त्रक्रियेनंतरही कंबर दुखतेच, असे कित्येकींनी सांगितले. म्हणजे एका टोकाला खालांसारखी बाई, जिचे दुखणे खरेच मानले जात नाही; दुसऱ्या टोकाला ऊसतोडणारी, जिचे दुखणे ऐकण्याआधीच कापून टाकले जाते. दोघींच्या बाबतीत न झालेली गोष्ट एकच: शेजारी बसून ‘कुठं, कसं, कधीपासून, कशानं वाढतं’ हे विचारणे.

आपल्या घरांत याला आणखी एक कुलूप आहे, सब्राचे. बाई कण्हली की तिला हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांचा दाखला देतात. दाखला खरा आहे, पण अर्धा सांगितला जातो. अय्यूबांनी आपले दुखणे लपविले नव्हते. मला त्रासाने गाठले आहे, असे त्यांनी रब्बाला स्पष्ट सांगितले, याची नोंद सूरह अल-अंबियात आहे. सूरह साद सांगते की, त्यांना जमिनीवर पाय मारायला सांगितले गेले आणि न्हायला-प्यायला थंड पाणी मिळाले. म्हणजे तक्रार ऐकली गेली आणि उपायही मिळाला. सब्र म्हणजे मुकेपणा, हा अर्थ त्या कथेत नाही. तो घरातल्या सोयीसाठी आपण घातलेला आहे. आपल्या कथांमधली सोशिक अम्मी याच सोयीतून जन्मली. तिच्या सोसण्याचे आपण इतके कौतुक केले की, तिला औषध हवे होते हे विसरलो.

वैद्यकाने या बाबतीत अलीकडे आपली चूक बरीच सुधारली आहे. तीन महिन्यांहून अधिक टिकणारे दुखणे हा काही वेळा स्वतःच आजार असतो. मेंदू आणि मज्जातंतूंची दुखणे जाणण्याची यंत्रणाच जास्त संवेदनशील होते आणि जखम नसतानाही खरेखुरे दुखते. फायब्रोमायल्जिया हा त्यातला एक ओळखीचा प्रकार. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली आणि माणूस दुखते म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर राखावा, असे त्यासोबत नोंदविले. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-सूचीत अशा दुखण्याला स्वतंत्र जागा मिळाली. ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे ‘दुखणे खोटे’ नव्हे, हे आता शास्त्रच सांगते. उपाय चमत्काराचे नाहीत. नीट समजावून सांगणे, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, झोप सुधारणे, काहींना कमी मात्रेत विशिष्ट गोळ्या. वर्षानुवर्षे खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र पोट आणि मूत्रपिंड बिघडवू शकतात.

खालांना अशी एक गोळी मिळाली होती. औषधाच्या दुकानात कुणीतरी मुलाला सांगितले, ‘ही डिप्रेशनची आहे.’ घरात कुजबुज झाली, अम्मीला वेडी ठरवले म्हणून. आठ दिवसांत गोळी बंद झाली. हीच गोळी थोड्या मात्रेत मज्जातंतूंचे दुखणेही शमविते, हे वाक्य चिठ्ठी लिहिणाऱ्याने उच्चारले नाही. कदाचित बाहेर चाळीस जण ताटकळत होते. एका वाक्यावाचून उपचार बुडाला. शब्दाची किंमत लेखकांनी तरी अशा हिशेबाने मोजावी.

वेदना लिहू नका, असे आम्ही म्हणत नाही. समाजाची वेदना खोटी नाही आणि ती संपलेलीही नाही. मात्र जो माणूस सभेत ‘आमच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही’ म्हणतो, त्याने घरी जाऊन दुखणाऱ्या बाईवर अविश्वास दाखवू नये. संशयाची नजर काय करते, हे आपल्याहून चांगले कोणाला कळावे? म्हणून पुढच्या कथेत, पुढच्या कवितेत ‘वेदना’ लिहिण्याआधी थोडे थांबावे आणि ती ठणकते, भगभगते की ओढते हे विचारावे. खालांना आम्ही परवा तसे विचारले. त्या बराच वेळ बोलत होत्या. नऊ वर्षांत हे कुणी विचारले नव्हते, असे म्हणाल्या. लेकीने ते सारे त्यांच्याच दखनीत एका वहीत उतरून घेतले आहे. पुढच्या खेपेला रिपोर्टच्या पिशवीत ती वही सगळ्यांत वर असेल.