विज्ञानलेखकांची सभा आणि वाचकाचे खाते

वार्षिक सभा कोणतीही असो, तिचा क्रम सहसा चुकत नाही. मागील इतिवृत्त वाचून कायम करावयाचे, जमाखर्चास मंजुरी द्यावयाची, कार्यकारिणी निवडावयाची आणि आभार मानून चहाला उठावयाचे. मला त्याची थट्टा करावयाची नाही. चोख हिशेब ही लहान गोष्ट नव्हे. पण लेखकांच्या संस्थेकडे पैशाखेरीज आणखी एक खाते असते, ते वाचकाच्या विश्वासाचे. त्याचा जमाखर्च सभेपुढे कोण मांडतो?

हा प्रश्न मला पडला तो अमेरिकेतील विज्ञानलेखकांच्या राष्ट्रीय संघाची हकीकत वाचताना. १९३४ साली न्यूयॉर्क येथे डझनभर वृत्तपत्रलेखकांनी तो स्थापन केला. तीनच वर्षांनी, १९३७ चे पुलित्झर पारितोषिक पाच विज्ञान-वार्ताहरांस विभागून मिळाले. त्यांत दिल्लीचे गोविंद बिहारी लाल होते, ही आपणांस अभिमानाची गोष्ट. आणि त्यांतच होते संघाच्या संस्थापकांपैकी एक, 'न्यूयॉर्क टाइम्स'चे विल्यम लॉरेन्स.

या लॉरेन्सना १९४५ मध्ये अमेरिकेच्या युद्धखात्याने अणुबाँबच्या गुप्त प्रकल्पावर लेखक म्हणून घेतले. नागासाकीवर बाँब पडला, तेव्हा ते सोबतच्या विमानात होते. त्यांचे वर्णन मोठे झगझगीत आहे. आकाशात चढणारा ढग त्यांनी एखाद्या सजीव प्राण्यासारखा रंगविला आहे. खालच्या माणसांविषयी मात्र, दया वाटते काय, एवढाच प्रश्न ते विचारतात आणि पर्ल हार्बरची आठवण काढून तो तिथेच मिटवितात. कादंबरी लिहिणारा माणूस म्हणून मी म्हणेन की, इथे लेखणी धन्याच्या डोळ्यांनी पाहू लागली आहे.

पुढचे अधिक गंभीर आहे. ५ सप्टेंबर १९४५ रोजी विल्फ्रेड बर्चेट या ऑस्ट्रेलियन वार्ताहराचे हिरोशिमाचे वृत्त लंडनच्या 'डेली एक्सप्रेस'मध्ये आले. अंगावर जखम नसलेली माणसेही मरत आहेत, असे त्याने कळविले होते. आठवड्याने लॉरेन्सनी लष्करी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने किरणोत्सर्गाच्या जपानी वार्ता प्रचार म्हणून उडवून लावल्या. १९४६ चे पुलित्झर त्यांनाच मिळाले. ते काढून घ्यावे, अशी मागणी काही अमेरिकन पत्रकारांनी २००४ मध्ये केली.

लॉरेन्सचे युद्धखात्याशी असलेले नाते अगदीच झाकलेले नव्हते. म्हणूनच मला वाटते की, नाते जाहीर केले म्हणजे सारे फिटले असे नाही. त्या नात्याने लेखनाचे काय केले, हे विचारावयास कुणी तरी हवे. आज त्या संघात वार्ताहर आहेत, तसेच विद्यापीठांचे आणि संशोधनसंस्थांचे माहिती-अधिकारीही आहेत. दोघेही पोटासाठीच लिहितात. त्यात कमीपणा नाही. पण एकाने ज्या संस्थेला खोचक प्रश्न विचारावयाचे, तिचाच पगार दुसरा घेतो. एका सतरंजीवर बसलेल्या या दोघांनी हे वर्षातून एकदा तरी मोकळेपणी बोलू नये काय?

आपल्याकडे मराठी विज्ञान परिषद १९६६ साली मुंबईत स्थापन झाली. १९७४ मध्ये तिच्या कथास्पर्धेला जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठविली आणि ती पहिली आली. मोठे नाव बाजूला सारले, की परीक्षकापुढे केवळ लेखन उरते. विज्ञानलेखनाची पारख अशीच व्हावी, लेखकामागच्या खुर्चीकडे न पाहता.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. अणूचे गणित मला पडताळता येत नाही. औषध, धरण, वीज यांविषयी छापून येते, त्यावर मी विश्वास ठेवतो आणि वर्गातल्या मुलांना तेच सांगतो. आपणही घरी मुलाबाळांना तेच सांगत असाल. तेव्हा विज्ञानलेखकांच्या सभेत जमाखर्चाच्या विषयानंतर आणखी एक विषय असावा: यंदा आपल्यापैकी कुणी कुणाच्या सोयीसाठी काय लिहिले, आणि काय लिहावयाचे टाळले? चहा थोडा निवेल, निवू द्यावा.