रायगडची आग दाखवणारा वॉक: काय दिसलं, काय नाही

मी पोलादपूरची. शाळेच्या सहलींपासून आजवर रायगडावर किती वेळा गेले, मोजलेलं नाही. पण आगीसाठी म्हणून पहिल्यांदा गेले ती या फेब्रुवारीत. पहाटे महाडच्या एसटी स्टँडवर पंचवीसेक जण जमलो. १८१८ साली गड जळाला तेव्हा आग जिथे जिथे पोहोचली, तिथून चालत जायचं आणि सोबत गाईड असणार, असं जाहिरातीत होतं. आयोजकांचं नाव देत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते एकट्या त्यांना लागू नाही. तुम्ही पीएचडीचा विचार करत असाल तर हा वॉक जरूर करा. मात्र गाईडचं प्रत्येक वाक्य सिनॉप्सिसमधलं वाक्य समजून ऐका.

घटना थोडक्यात अशी. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा शेवट जवळ आला होता. दुसरा बाजीराव पळत होता आणि त्याची पत्नी वाराणसीबाई रायगडावर होती. एप्रिलच्या अखेरीस कर्नल प्रॉथरच्या फौजेने वेढा घातला, तोफांचा मारा झाला, वरचे वाडे पेटले आणि १० मे १८१८ ला गड इंग्रजांच्या ताब्यात गेला. व्हॅलेंटाइन ब्लॅकरचं १८२१ चं युद्धवर्णन आणि १८८३ चं कुलाबा गॅझेटियर ही दोन्ही पुस्तकं नेटवर फुकट मिळतात. जाण्याआधी वाचा. दोन्हींची नजर जिंकणाऱ्यांची आहे, हेही लक्षात ठेवा.

वॉकची सुरुवात उत्तम होती. रोपवे टाळून चित दरवाजाकडून चढवलं. महादरवाजापर्यंत घाम निघाला की एक गोष्ट पायांनाच कळते: या कड्यांवर भिंत फोडून शिरणं शक्य नव्हतं, म्हणून मारा वरून यायला हवा. इथे गाईडदादांनी उखळी तोफ छान समजावली. साधा गोळा भरीव असतो आणि भिंतीवर आदळतो. उखळीचा गोळा पोकळ, आत दारू आणि वात. तो उंच जाऊन वरून पडतो आणि फुटतो. मे महिन्यातल्या वाळलेल्या लाकडावर, छपरावर असा गोळा पडला तर काय होईल, ते वेगळं सांगावं लागत नाही. मी मनात एक भर घातली: कोकणात मे म्हणजे शाकारणीचे दिवस. जिथे छपरं गवताची होती तिथे नवं, कोरडं गवत नुकतंच चढलेलं असेल का? हा फक्त प्रश्न आहे, पण असा प्रश्न सुचणं हा या चालण्याचा खरा फायदा.

गडबड पुढे सुरू झाली. पालखी दरवाजातून आत गेल्यापासून प्रत्येक पडकी गोष्ट आगीच्या नावावर जमा होऊ लागली. राणीवशाची जोती? आगीत गेलं. राजसभेवर छप्पर नाही? आग. बाजारपेठ? तीही आगच. राज्याभिषेक १६७४ चा. १६८९ ला गड मोगलांकडे गेला, पुढे चाळीसहून जास्त वर्षं तो मराठ्यांकडे नव्हता, मग पेशवाईत डागडुजी झाली. म्हणजे १८१८ मध्ये जे जळालं ते राज्याभिषेकानंतर १४४ वर्षांनी तिथे जे उभं होतं ते. आणि १८१८ नंतरचे दोनशे पावसाळे? आमच्या भागातला पाऊस ज्यांनी पाहिलाय, त्यांना छप्पर गेलेल्या मातीच्या भिंतीचं काय होतं ते सांगायला नको. एका कारणाने सगळे परिणाम समजावून सांगता येत असतील, तर बहुतेक वेळा बाकीची कारणं आपण तपासलेलीच नसतात. रिसर्चमध्ये ही चूक मी स्वतः दोनदा केली आहे आणि दोन्ही वेळा गाईडनेच (माझ्या, गडावरच्या नव्हे) पकडली.

मग आले दगड. मी भूशास्त्राची, त्यामुळे इथे मला राहवलं नाही.

एका भिंतीवरचा काळा थर दाखवून दादा म्हणाले, ही त्या आगीची काजळी. सगळ्यांनी फोटो काढले. उघड्यावरची काजळी इतके पावसाळे टिकत नाही. पायऱ्यांवर ताक विकणाऱ्या मावशींना मी उतरताना विचारलं, हा काळा रंग कशाचा? त्या म्हणाल्या, "शेवाळ गं ते. पावसात हिरवं, उन्हात काळं. आमच्या पडवीलाबी तसंच हाय." दगडफूल आणि नीलहरित शेवाळं यांच्यावर मी जे दोन पानं लिहिलं असतं, ते मावशींनी एका वाक्यात सांगितलं. शिवाय त्यांच्याकडे तुलनेसाठी एक न जळालेली भिंत होती, स्वतःच्या घराची! कंट्रोल सॅम्पल म्हणतात ते हेच.

लाल दगडाचं प्रकरण जास्त अवघड आहे. बेसॉल्ट खूप तापला की त्यातल्या लोहाचं ऑक्सिडेशन होऊन तो लालसर होतो, हे खरं. पण सह्याद्रीत न जळताही लाल असलेलं खूप काही आहे: जांभा, लाव्हाच्या दोन थरांमधला लाल मातकट पट्टा, नुसता झिजलेला बेसॉल्ट. त्यामुळे रंगावरून आग ठरवता येत नाही. कोळशावरूनही सहज ठरत नाही, कारण इथे दरवर्षी वणवे लागतात आणि शेतकरी राब भाजतात.

मग ठरवायचं कसं? एक मार्ग मला फार आवडतो. दख्खनचा बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झाला, तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात नोंदली गेली. गवंड्याने दगड घडवून भिंतीत बसवताना तो कसाही फिरवला, म्हणून भिंतीतल्या दगडांच्या दिशा एकमेकींशी जुळत नाहीत. आता ही भिंत जागच्या जागी पेटली आणि दगड ५८० अंशांच्या वर तापला, तर मॅग्नेटाइटमधली जुनी नोंद पुसली जाते. थंड होताना सगळे दगड एकाच दिशेची नवी नोंद घेतात. नमुन्यांच्या दिशा जुळल्या तर भिंत तापली होती, विखुरलेल्या राहिल्या तर इतकी तापली नव्हती. (गड संरक्षित स्मारक आहे. परवानगीशिवाय खडाही उचलू नका.)

याउलट ज्याच्यावर सगळे विसंबतात ते कार्बन डेटिंग इथे तोकडं पडतं. साधारण १६५० पासून १९५० पर्यंत त्याचा कॅलिब्रेशनचा वक्र इतका सपाट आणि नागमोडी आहे की १६८९ चा कोळसा आणि १८१८ चा कोळसा वेगळा काढणं जवळपास अशक्य. पद्धत नावाजलेली आहे म्हणून ती तुमच्या प्रश्नाला चालेलच असं नाही.

"गड अकरा दिवस जळत होता" हे वाक्य दिवसभरात चारदा ऐकलं. कुणी विचारलं नाही: एकच आग अकरा दिवस, की रोज नवा गोळा आणि नवी आग? पहिल्यासाठी प्रचंड इंधन लागतं, दुसऱ्यासाठी फक्त चालू असलेला वेढा. दारूकोठारापाशीही तेच. स्फोट दगड बाहेर फेकतो, म्हणजे कुठला दगड किती लांब पडला याचा नकाशा हवा. आम्हाला मिळाली ती नुसती "धडाम!" अशी आरोळी.

दप्तराबद्दल थोडंच. शिवकाळाची कागदपत्रं १८१८ च्या आगीत गेली, असं ठासून सांगितलं गेलं. मग १६८९ ला गड पडला तेव्हा ती कुठे होती? आमच्या पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांच्या 'शिवभारता'चं हस्तलिखित सापडलं ते तंजावरला. कागद एका जागी जळतात, प्रती दुसरीकडे असतात.

लंडनमध्येही १६६६ च्या आगीचे वॉक होतात, पुडिंग लेनपाशी, तिथल्या २०२ फुटी स्मारकस्तंभाजवळ. ते शहर पुन्हा बांधलं गेलं, दाखवायला जळकं फारसं उरलं नाही, म्हणून तिथल्या गाईडला जुने नकाशे आणि डायऱ्या काढाव्या लागतात. आपल्याकडे अवशेष समोर उभे आहेत, त्यामुळे कागद काढायची गरजच वाटत नाही.

पाचाडला उतरल्यावर मी दादांना लाल दगडाचं सांगितलं. थोडं भीत भीतच, कारण पोट त्यांचं यावर आहे, माझं फेलोशिपवर. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, मला जे पाठ करून दिलं ते मी सांगतो. खोटं सांगायची हौस नाही. पण न जळालेला लाल दगड कुठला, ते एकदा दाखवा." मग आम्ही दोघं रस्त्याकडेला जांभ्याचा चिरा शोधत पंधरा मिनिटं फिरलो. परतीची गाडी हॉर्न वाजवत राहिली.